लाभ, दोन, तीन

मोठ्याने सांगते, दारं-खिडक्या उघड्या टाकून सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. एक जरी गोष्ट माझ्या पदरची निघाली, तर संकष्टीला माझ्या हातचे मोदक मोदकपात्रात फुटोत. कोकणातल्या बाईने याहून मोठी शपथ घेतलेली कोणी ऐकली असेल तर पुढे यावं.

तर दोन हजार एक सालातली गोष्ट. ऋजुता तेव्हा तेवीस वर्षांची होती आणि बायकांना चिमटे काढत रत्नागिरीभर फिरत होती. डोकं ठिकाणावर होतं तिचं, एम.एस्सी.चा प्रबंध होता. मुंबईच्या देवदत्त सरांनी तिला विषय दिला होता तो असा, की माणसाच्या कातडीखालच्या चरबीची वळी चिमट्यात धरली की ती किती दबते, कशी दबते, आणि ते दबणं कागदावर एका सूत्रात मांडता येतं का.

त्या चिमट्याला कॅलिपर म्हणतात. दिसायला थेट चुलीवरची सांडशी, फक्त वर घड्याळासारखी तबकडी आणि तीत एक सुई. डाव्या हाताच्या बोटांनी दंडाची किंवा कंबरेवरची वळी उचलायची, उजव्या हाताने कॅलिपरचे जबडे तिच्यावर सोडायचे, आणि सुई किती मिलीमीटर दाखवते ते बघायचं. ऐकायला सोपं. पण सुई मेली एका जागी थांबेल तर ना. चरबी म्हणजे काही सागाची फळी नव्हे. जबडे बसले की वळी आधी झपकन दबते, मग सावकाश, मग अगदी नाइलाज झाल्यासारखी. उशीवर डोकं टेकलं की उशी बसते ना, तशी. म्हणून आकडा कितव्या सेकंदाला वाचला याला फार महत्त्व. दुसऱ्या सेकंदाला वाचला तर बाई जाड, आणि तिसाव्याला वाचला तर तीच बाई बारीक.

दोन्ही हात गुंतलेले आणि डोळे सुईवर, मग वेळ मोजायची कशाने? कानाने. सरांनी तिला एक काळं घड्याळ दिलं होतं, दोरीने गळ्यात अडकवायचं, दर सेकंदाला टिट् असा आवाज करणारं. एका टिट्‌ला जबडे सोडायचे. पुढचं टिट् म्हणजे एक सेकंद झाला, त्याच्या पुढचं म्हणजे दोन. दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या, दहाव्या आणि तिसाव्या सेकंदाला सुई कुठे आहे ते ऋजुता तोंडाने म्हणायची आणि शेजारी ठेवलेल्या टेपरेकॉर्डरमध्ये ते भरलं जायचं. घरी येऊन कॅसेट ऐकत आकडे वहीत उतरवायचे.

रत्नागिरी शहरातल्या तीस बायका झाल्या. शिक्षिका झाल्या, कचेरीतल्या झाल्या, आंब्याच्या पेट्या भरणारी सखू झाली. सखूची वळी इतकी मऊ, की सुई तीस सेकंद उतरली, मिनिटभर उतरली, चहा आला, चहा गार झाला, तरी उतरतच होती. शेवटी सखूच म्हणाली, "बाय, आता सोड, नायतर माझी कंबर संपेल."

आता राहिल्या दुसऱ्या तीस. सरांचं म्हणणं होतं की बसून काम करणाऱ्या शहरातल्या बायका एका बाजूला आणि अंगमेहनतीच्या किनाऱ्यावरच्या बायका दुसऱ्या बाजूला, अशी तुलना हवी. ऋजुताने नाटे गाव निवडलं, कारण नाट्याला तिची आजी ओळखीची होती.

मालिनीआजी पंचाहत्तरीच्या पुढची, नऊवारी नेसणारी. माहेर आडिवऱ्याच्या बाजूचं, त्यामुळे नाट्याच्या मथुरा मासेवालीशी तिची परकर-पोलक्यापासूनची मैत्री. मासळी आजीने जन्मात तोंडात घातली नव्हती, पण मासळीच्या गोष्टी तिच्याइतक्या कुणाला येत नसत. तिच्या गोष्टींतला मासा होडीत मावत नसे, आणि मावलाच तर होडी बुडत असे. घरात सगळ्यांना हे माहीत होतं. ऋजुताला तर बाळपणापासून.

म्हणून एस.टी.त बसतानाच तिने आजीला बजावलं, "हे बघ, बायकांशी ओळख करून दे आणि नुसती सोबत म्हणून बस. कामात पडू नकोस. तुझ्या आकड्यांना पाय फुटतात."

"मी कुठे पडते गो कामात?" आजी म्हणाली, आणि पावस गाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. आजी पावसपर्यंत गप्प, म्हणजे आजीला लागलं होतं.

मथुराच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या सारवलेल्या अंगणात, दुकान मांडलं. सकाळची मासळी विकून झाली की बायका हात धुऊन यायच्या. पहिलीच बाई बसली, ऋजुताने घड्याळ चालू केलं आणि टिट् टिट् सुरू झालं.

"बाय, ह्यो आवाज कसला?"

"सेकंद मोजतंय मावशी. तुम्ही फक्त हलू नका."

"माजे किती ऱ्हायले ता सांगतंय काय?"

झालं. खळ्यात हशा. ज्या बाईची वळी जबड्यात होती ती हसायला लागली, वळी हसायला लागली, सुई हसायला लागली. दुसरी आली ती आधीच घाबरलेली. टिट् झालं की तिचं अंग आक्रसायचं. तिसरी म्हणाली, माझ्या भावाच्या होडीवर यंत्र बिघडलं की असाच आवाज येतो. दिवसभरात जेमतेम चार बायका झाल्या आणि त्या चौघी अशा थरथरल्या, की ऋजुताने त्यांच्या नावांपुढे वहीत 'हसल्या' असं लिहून ठेवलं.

आजी ओसरीवर बसून बघत होती. एकदा म्हणाली, "मी म्हणू का आकडे? माझ्या आवाजाला घाबरायच्या नाहीत."

"आजी, नुसती बस."

दिवेलागणीला आजी जपाला बसली. घड्याळ शेजारी चालूच राहिलं होतं.

"अगो, हे जरा गप्प कर. माझा जप चुकतो. टिट् झालं की मणी ओढला जातो."

"बाजूची कळ खाली ओढ, की गप्प."

"ही?"

"हो."

"बरं झालं दाखवलंस," आजी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋजुता विहिरीवर तोंड धुऊन आली तर घड्याळ नाही. पिशवीत नाही, कट्ट्यावर नाही, टेपरेकॉर्डरच्या मागे नाही.

"ते ना," आजी शांतपणे म्हणाली, "खेकड्याने नेलान."

"काय?"

"मथुराच्या पाटीतून एक खेकडा निसटला. हा एवढा. कट्ट्यावर चढला, डाव्या नांगीत त्या घड्याळाची दोरी धरलीन, आणि निघाला आडवा. मी हाकललं, हाड हाड केलं, पण खेकडा तो, कुत्रा थोडाच आहे? आडवा आडवा खाडीपर्यंत गेला आणि डुबुक. पाण्यातून दोन वेळा टिट् टिट् ऐकू आलं, मग नाही आलं."

ऋजुताने मथुराकडे पाहिलं. मथुरा मासळीची पाटी आपटून साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "भरतीची येळ बघाया नेलान आसंल."

ऋजुता खाडीच्या कडेला जाऊन अर्धा तास चिखल ढवळून आली. तिच्या मनगटावरच्या घड्याळाला सेकंदकाटा नव्हता. नाट्यात टिट् करणारं घड्याळ कुठे मिळणार? परत जावं तर सव्वीस बायका राहिलेल्या, आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे गावपूजेची गडबड. ती कपाळाला हात लावून कट्ट्यावर बसली.

आजी नुसती बसून राहिली, सांगितलं होतं तशी.

शेवटी ऋजुताच म्हणाली, "आजी, तुला सेकंदाच्या चालीने मोजता येईल?"

"साठ वर्षं मणी ओढत्ये. माझी चाल तुझ्या टिट्‌ला विचार."

"मी जबडे सोडले की सुरू करायचं. आवाज बारीक नको, मोठा नको. आणि मधे गोष्ट सांगायची नाही."

"नाही सांगत."

आणि खरं सांगायचं तर काम लोण्यासारखं झालं. आजी ओसरीच्या खांबाला टेकून डोळे मिटून मोजायची, चाल रहाटासारखी एकसारखी, आणि बायका त्या चालीत अशा निवांत व्हायच्या की एकीला तर दंड जबड्यात असताना डुलकी लागली. दोन दिवसांत सव्वीसच्या सव्वीस झाल्या. ऋजुता सुई बघून आकडे बोलत होती, टेप फिरत होता.

शेवटी ती हौसेने म्हणाली, "आजी, ये, तुझीही कंबर घेते."

आजी असल्या वयात जितक्या चपळाईने उठता येईल त्याहून चपळाईने उठली. "माझ्या कंबरेला हात लावायचा नाही. मी काय चरबीवाली आहे?"

"सगळ्यांना असते गो आजी."

"मला नाही."

मथुराला एवढं हसू लोटलं की तिला खांब धरावा लागला. "ऱ्हांव दे बाय," ती ऋजुताला म्हणाली, "मालूताईच्या कंबरंत काय हाय ता देवालाच ठावं."

घरी येऊन ऋजुताने आलेखाच्या कागदावर ठिपके मांडले. शहरातल्या बायकांची सरासरी निळ्या शाईने, नाट्याच्या हिरव्या शाईने. आडव्या रेषेवर सेकंद, उभ्या रेषेवर वळीची जाडी. ठिपके जोडले आणि ती खुर्चीतून उठलीच. दुसऱ्या सेकंदापासून तिसऱ्या सेकंदापर्यंत शहरातली वळी पाऊण मिलीमीटर दबत होती. नाट्याची दीड. दुप्पट. शहरातल्या बायकांची वळी एव्हाना दमून बसत होती तेव्हा नाट्याच्या बायकांची अजून जोरात चाललेली. म्हणजे समुद्रावरच्या बायकांची चरबीच वेगळी.

तिने नऊ पानं लिहिली. डोक्यावर पाट्या वाहणं, खारा वारा, रोजची मासळी, उकड्या तांदळाची पेज, सगळं त्यात आलं. त्या चार हसणाऱ्या बायका तेवढ्या मधे येत होत्या. त्यांचे आकडे बाकीच्या नाटेकरणींशी जुळेनात. तिने त्या गाळल्या. हसत होत्या ना, मग धरायच्या कशाला? पानं मुंबईला पाठवली आणि आठ दिवस ती हवेत चालत होती.

नवव्या दिवशी सरांचा फोन आला.

"ऋजुता, नऊ पानं वाचली. भाषा छान आहे."

ऋजुताला तेव्हाच कळायला हवं होतं.

"दोन शंका आहेत," सर म्हणाले. "नाट्याच्या तीस बायका म्हणालीस, आलेखात सव्वीस आहेत. चार कुठे गेल्या?"

"त्या हसत होत्या सर."

"हसणाऱ्या बायकांना चरबी नसते?"

ऋजुताने वहीतला 'हसल्या' हा शब्द अंगठ्याने झाकला.

"बरं. दुसरी शंका. सव्वीस जणींची वेळ कशाने मोजलीस?"

"आजीने मोजली."

"आणि मी दिलेलं घड्याळ?"

"ते सर, खेकड्याने नेलं."

 मग सर अगदी हळू म्हणाले, "हे बघ, माझा तुझ्यावर विश्वास आहे. पण बाहेरचा परीक्षक पहिलाच प्रश्न विचारील की हे आकडे मोजलेले की बनवलेले. मी काय सांगू? खेकड्याला साक्षीला बोलवू? तीस तारखेला प्रबंध द्यायचाय. त्याच्या आत आजीबाईंची मोजणी घड्याळाशी जुळवून दाखव. नाही जमलं तर नाटे पूर्ण गाळायचं. मग हातात नुसत्या शहरातल्या तीस राहतात आणि तेवढ्यावर प्रबंध होत नाही. पुढच्या वर्षी बघू."

"सर, माझ्याकडे कॅसेट आहेत."

"ते टेप मला माहीत आहेत. सेल उतरले की गाणारा रडायला लागतो. त्यावर सेकंद मोजायचे नाहीत. आजीबाईंना घड्याळासमोर बसव."

फोन ठेवला तरी 'बनवलेले' हा शब्द तिच्या कानातून जाईना. वर्ष गेलं असतं तर गेलं असतं, वर्षं जातात. पण हा शब्द नावाला चिकटला तर आयुष्यभर निघायचा नाही. आणि सगळा भार कोणावर, तर जिच्या गोष्टींतले मासे होडीत मावत नाहीत तिच्यावर.

तिने आजीला माजघरातल्या भिंतीवरच्या घड्याळासमोर पाटावर बसवलं. आजीने घड्याळाकडे बघायचं नाही, पाठ करून बसायचं. सेकंदकाटा बारावर आला की ऋजुता 'हं' म्हणणार, आजीने साठ मोजायचे.

"हं."

आजीने मोजले. साठ म्हटलं तेव्हा काटा एकोणसाठवर होता.

"पुन्हा."

पुन्हा एकोणसाठ. तिसऱ्यांदा मोजले. एकोणसाठ.

"म्हणजे चुकलं का?" आजीने विचारलं.

"चुकलं म्हणवत नाही. चुकलं असतं तर एकदा छप्पन्न आलं असतं, एकदा त्रेसष्ट. दर वेळी नेमका एकच सेकंद कमी पडतोय. तीसच मोजायला सांगितले तर? मोज बरं तीस."

एकोणतीसवर काटा, आणि आजीचे तीस.

"साठातही एकच जातो आणि तिसातही एकच. तो जातो कुठे?"

"खेकड्याने नेलान असेल," आजी म्हणाली.

"आजी, माझं वर्ष जातंय. थट्टा पुरे."

ऋजुता ओरडली नव्हती. पण आजी उठली, आणि त्या दिवशी तिने कोणालाच गोष्ट सांगितली नाही. रात्रीच्या जेवणालासुद्धा मुकाट्याने वाढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऋजुताने बटरपेपर घेतला, नाट्याची हिरवी रेघ त्यावर उतरवली आणि ती शहरातल्या निळ्या रेघेवर ठेवून सरकवून बघितली. बटरपेपर एक घर डावीकडे सरकवला तर हिरवी रेघ निळीवर अशी बसली, की दोन राहिल्याच नाहीत. एक घर म्हणजे एक सेकंद.

मग तिला त्या चार हसऱ्या आठवल्या. वहीतून त्यांचे आकडे काढून तिने लाल शाईने मांडले. लाल ठिपके थोडे इकडेतिकडे थरथरले होते खरे, पण सगळे निळ्या रेघेच्या अंगाला चिकटून बसले होते. त्या चौघी नाट्याच्याच, तोच वारा खाणाऱ्या, त्याच पाट्या वाहणाऱ्या. त्यांच्यात आणि बाकीच्या सव्विसांत फरक एवढाच, की त्यांची वेळ घड्याळाने मोजली होती आणि बाकीच्यांची आजीने. म्हणजे वेगळी होती ती समुद्राची चरबी नव्हे. वेगळी होती आजीची मोजणी, आणि ती गोष्ट सांगायला आलेल्या चार बायकांना ऋजुताने स्वतःच दाराबाहेर काढलं होतं.

नऊ पानं गेली, हे तिला तेव्हाच कळलं. तिला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्याहून मोठी अडचण पुढेच होती. सव्वीस जणींचे आकडे एक एक घर सरकवले की सगळं जुळतं. पण का सरकवले हे सांगता आलं पाहिजे. नुसतं जुळतं म्हणून सरकवले, तर मग खरोखरच बनवले.

सत्तावीस तारखेची सकाळ. आजी कोठीत तांदूळ मोजून घेत होती, मोदकांच्या पिठीसाठी. ऋजुता उंबऱ्यावर चहाचा कप घेऊन शून्यात बघत बसली होती. आजीने मापटं भरलं, परातीत ओतलं.

"लाभ," आजी म्हणाली. दुसरं ओतलं. "दोन." तिसरं ओतलं. "तीन."

ऋजुताचा कप ओठाशी थांबला.

"आजी. पहिल्या मापाला एक का म्हणत नाहीस?"

"एक म्हटलं की एकच उरतं म्हणतात. पहिलं माप लाभाचं. माझी आई म्हणायची, सासू म्हणायची. तू काय आज ऐकत्येस?"

आज ऐकत नव्हती, तेच तर होतं. बोलायला लागल्यापासून ऐकत होती. कोणी लाभ म्हटलं की तिच्या कानाला ते एकच ऐकू यायचं. मोजायची सुरुवात लाभने होते, त्यात लक्ष देण्यासारखं काय?

"नाट्याला पण तू लाभच म्हणत होतीस?"

"मग? तुझं एवढं मोठं काम सुरू होतंय, त्याची सुरुवात ओकीबोकी करू?"

"कधी म्हणायचीस? मी जबडे सोडले, त्यानंतर थोडं थांबून?"

"थांबून कशाला? माप ओततानाच लाभ म्हणतात, ओतून झाल्यावर नव्हे. तू चिमटा सोडलास की मी लाभ."

ऋजुताने कप खाली ठेवला. जबडे सोडल्यावर घड्याळाचं पुढचं टिट् व्हायचं तेव्हा एक सेकंद झालेला असे. आजीचा लाभ व्हायचा तेव्हा एक क्षणही झालेला नसे. म्हणून आजीचं दोन म्हणजे एक सेकंद, आजीचं तीन म्हणजे दोन, आणि आजीचे साठ म्हणजे एकोणसाठ. ऋजुता पहिला आकडा दोनला वाचत होती, त्यामुळे त्याआधी काय म्हटलं जातंय याकडे तिने कधी कान दिलाच नव्हता. आणि पहिल्या दोन सेकंदांतच तर वळी सगळ्यात जोरात दबते. एका सेकंदाच्या लाभावर तिने नऊ पानांचा समुद्र उभा केला होता.

ती धावत गेली आणि कॅसेट लावली. मथुराच्या कोंबड्या, कोणाची तरी खोकल्याची उबळ, मग जबडे बसल्याचा बारीक टक् आवाज, आणि त्या आवाजावर अगदी बरोबर, जसा मृदंगावर टाळ पडावा तसा, आजीचा शांत आवाज: लाभ. सव्विसांतल्या एकीच्याही वेळी टक् आणि लाभ यांच्यात फट नव्हती. टेप रडो की गाओ, दोन्ही आवाज एकत्र होते ते होतेच.

तिने मुंबईला फोन लावला आणि फोनच्या तोंडाशी टेपरेकॉर्डर धरला.

सरांनी तीन बायका ऐकल्या. चौथीच्या वेळी मथुराचा आवाज आला, "मालूताय, लाभ म्हणतंस तर चरबीचो लाभ कोणाला गो?" आणि सर फोनवर हसलेले ऋजुताने पहिल्यांदा ऐकले.

"आमच्याकडे सोलापूरलाही धान्य मोजताना लाभच म्हणत," ते म्हणाले. "पण त्यात सेकंद हरवलेला मी पहिल्यांदा बघतोय. आता असं कर. सव्वीस जणींचा एक एक सेकंद वळता कर आणि का केलास ते स्पष्ट लिही. तळटीप घाल, या मोजणीत लाभ म्हणजे शून्य. घड्याळासमोरची परीक्षाही लिही, एकोणसाठ आले तेही लिही. त्या चार बायका परत आत घे. आणि ती नऊ पानं काढून टाक."

"हो सर."

"वाईट वाटतंय?"

"थोडं."

"वाटायचंच. पण आता तुझ्याकडे साठ बायका आहेत आणि एकच सूत्र. ते लहान नाही. आणि ऋजुता, कॅसेट जपून ठेव. परीक्षक विचारतील."

विचारलंच परीक्षकांनी. तळटीप वाचून चष्मा वर केला आणि म्हणाले, हे लाभ काय प्रकरण आहे? ऋजुताने कॅसेट लावली. प्रबंध मान्य झाला.

पुढे आजीला घेऊन ती नाट्याला निकाल सांगायला गेली. मथुरा पाटीतल्या बांगड्यांवर अंगठा दाबून बघत होती, खड्डा भरून येतो की नाही ते. सगळं ऐकून घेतल्यावर तिने विचारलं, "म्हंजे शेरातल्या बायांची नि आमची येकच?"

"एकच मावशी. सारख्याच वेगाने दबते."

"ता मी तुला दाबून सांगितला आसता गो बाय. येवढा शिकाया लागलंच नसता."

ऋजुता हसली. मग आजीकडे वळून म्हणाली, "आजी, तू मोजलं नसतंस तर त्या सव्वीस जणी झाल्याच नसत्या. त्या टिट् टिट्‌ला त्या कधीच बसल्या नसत्या. मी तुला नुसती बस म्हटलं, ते चुकलं माझं."

आजीने पदर सावरला आणि खाडीकडे बघत राहिली. आजी अशी बघते तेव्हा तिला काहीतरी बोलायचं असतं. पण ती बोलली नाही.

संपली गोष्ट. पहिल्यापासून शेवटपर्यंत खरी.

आता परवाच्या संकष्टीचं सांगते. एकवीस मोदक केले, कळ्या काय सुरेख पडल्या होत्या, पण वाफ देऊन झाकण काढलं तर वीस शाबूत आणि एक मधोमध फुटलेला. शपथ घेतली होती, तेव्हा सांगून टाकते. खेकडा नव्हता. तेवढा एक माझ्या पदरचा. घड्याळ दोन दिवस कळ ओढून आजीच्या, म्हणजे माझ्याच, कनवटीला होतं, आणि हे मथुराला ठाऊक होतं.

घड्याळ अजून चालतं. मोदकांची वाफ मी त्याच्यावरच लावते. ऋजुताला यातलं काही बोलू नका.